संसाराच्या वेळापत्रकातलं गणित : डॉ. मंगला नारळीकर

मैत्रिणींनो, मथळ्यात 'गणित' हा शब्द दिसल्याबरोबर तुमच्यापैकी निम्म्या जणी पान उलटून लोणच्याच्या सदराकडे निघाल्या असतील, हे मला ठाऊक आहे. जरा थांबा. लोणचं कुठे पळून जात नाही. मी स्वतः काही गणिताची पदवीधर नव्हे, साधी बी.ए., तीही मराठी घेऊन. लोअर परळला राहते, सकाळी घरचं आवरून जवळच्याच एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आणि संध्याकाळी इमारतीतली पाच-सहा मुलं अभ्यासाला घेऊन बसते. ज्या बाईंविषयी आज लिहायचं आहे, त्यांचं सगळं गणित मला समजतं असा आव मी आणणार नाही. पण त्यांच्या नोकरीची वर्षं एका कागदावर ओळीने मांडली, तेव्हा तो कागद मात्र मला चटकन वाचता आला. तुम्हालाही येईल.

डॉ. मंगला नारळीकर १७ जुलै २०२३ रोजी पुण्यात गेल्या. वय ८० वर्षांचं. थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांच्या त्या पत्नी, ही ओळख तर सगळ्यांनाच होती. (डॉक्टरसाहेबही पुढे मे २०२५ मध्ये गेले.) शाळेतल्या शिक्षकांना त्या 'बालभारती'च्या गणित समितीच्या अध्यक्ष म्हणून माहीत होत्या, आणि २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' म्हणायला सांगणाऱ्या बाई म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला. त्या वादाकडे मी येणारच आहे. पण त्यांचा मूळ अभ्यास कशाचा होता, असं विचारलं तर फार थोड्या जणी सांगू शकतील. त्यांचा विषय होता अंकसिद्धांत.

या विषयाचं मराठीत जरा दुर्दैवच आहे. 'अंकशास्त्र' म्हणावं तर लोक जन्मतारखेची बेरीज करून भाग्यांक विचारू लागतात. 'संख्याशास्त्र' म्हणावं तर ते सरासरीचं आणि जनगणनेचं शास्त्र. अंकसिद्धांत यांतला कुठलाच नाही. एक, दोन, तीन, चार या आपल्या रोजच्या संख्या आहेत ना, दुधाच्या पिशव्या मोजायच्या, त्यांचे स्वभाव तपासायचे: कोणाला कोण भागतं, कोणाला कोणीच भागत नाही, अशा संख्या किती, त्या किती अंतराअंतराने भेटतात. प्रश्न चौथीतल्या मुलाला कळतील असे, आणि उत्तरं शोधता शोधता पंडितांच्या पिढ्या संपल्या अशी! 

आता तो कागद.

मंगला राजवाडे यांचा जन्म १७ मे १९४३ चा. १९६२ साली मुंबई विद्यापीठातून त्या बी.ए. झाल्या. हो, बी.ए.च, गणित घेऊन. १९६४ साली एम.ए.ला विद्यापीठात पहिल्या आल्या आणि कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं. लगेच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधक म्हणून दाखल झाल्या. आजही या संस्थेत गणितासाठी प्रवेश मिळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी असं एखादं मूल आहे त्यांना विचारा. एकविसाव्या वर्षी ही मुलगी तिथे होती.

१९६६ साली संस्था सुटली. कारण तुम्ही ओळखलंच असेल. लग्न झालं आणि नवऱ्याची नोकरी केंब्रिजला होती.

१९६७ ते १९६९ केंब्रिज विद्यापीठातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवलं. पुढे १९६९ ते १९७४ या पाच वर्षांसमोर कागदावर काहीच नाही. मुली लहान होत्या. १९७२ साली सगळं बिऱ्हाड इंग्लंडहून मुंबईत आलं, डॉ. जयंत नारळीकर टाटा संस्थेत प्राध्यापक झाले. ती दोन वर्षंही नवं घर बसवण्यात गेली असणार. विलायतेहून आलेलं बिऱ्हाड असो नाही तर कणकवलीहून आलेलं, डबे लावायला तेवढेच दिवस लागतात.

१९७४ साली त्या पुन्हा टाटा संस्थेत गेल्या, दहा वर्षांपूर्वी जिथे होत्या तिथेच. १९८० पर्यंत तिथे काम केलं आणि १९८१ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. एम.ए.च्या सुवर्णपदकापासून मोजलं तर सतरा वर्षं! त्यांच्या बरोबरीने १९६४ साली संस्थेत लागलेला एखादा हुशार मुलगा या सतरा वर्षांत कुठपर्यंत पोचला असेल, याचा हिशेब करायला अंकसिद्धांत लागत नाही.

आता त्या सहा वर्षांत त्यांनी केलं काय? इथे मी तुम्हाला स्वयंपाकघरात नेणार आहे, कारण त्यांच्या विषयाचं नावच 'चाळणी' असं आहे. मी गंमत करत नाही. गणितात चाळणीची पद्धत हा एक मोठा प्रांत आहे आणि मंगलाताईंच्या एका शोधनिबंधाचा मथळाच मुळी 'चाळलेल्या संख्यांचा सिद्धांत' अशा अर्थाचा आहे.

सर्वांत जुनी चाळणी एरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रीक पंडिताची, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची. १ ते १०० आकडे लिहा. १ बाजूला ठेवा, तो कुठल्याच गटात बसत नाही. आता २ ठेवून त्याच्या पाढ्यातले बाकीचे सगळे खोडा. ३ ठेवून त्याच्या पाढ्यातले खोडा. मग ५, मग ७. बस्स, एवढ्या चारच चाळण्या. शंभराच्या आतली जी संख्या फोडता येते, तिचा एक तरी तुकडा दहापेक्षा जास्त नसतो, कारण दहा दाहे शंभर. म्हणून सातच्या पुढची चाळणी लावायची गरजच पडत नाही. चाळून झाल्यावर वर राहतात त्या मूळ संख्या, बरोबर २५. (९१ वर बहुतेक मुलं फसतात. तो मूळ दिसतो, पण साती तेरा एक्क्याण्णव.)

आता चाळण्या बदला. २, ३, ५, ७ ऐवजी त्यांचे वर्ग घ्या: ४, ९, २५, ४९. या वेळी चाळणीची संख्याही ठेवायची नाही, तीसुद्धा खोडायची. म्हणजे ४, ८, १२, १६ सगळे गेले; ९, १८, २७ गेले; २५, ५०, ७५, १०० गेले; ४९ आणि ९८ गेले. ही जरा बारीक भोकांची चाळणी झाली, तिच्यातून कमी माल जातो. शंभरातल्या ६१ संख्या शिल्लक राहतात. १, २, ३, ५, ६, ७, १०, ११… आणि इथे खरा मजेचा प्रश्न येतो. शिल्लक राहिलेल्या दोन संख्यांच्या मध्ये मोकळी जागा किती मोठी पडेल? ८ आणि ९ लागोपाठ खोडले गेले, म्हणजे दोन घरं रिकामी. ४८, ४९, ५० पाहा: ४८ ला ४ ने मारलं, ४९ ला ४९ ने, ५० ला २५ ने. तीन घरं रिकामी. पुढे पुढे जाल तशी चार, पाच, वाटेल तेवढी लांब रिकामी रांग कुठे ना कुठे सापडते, हे सिद्ध करता येतं. मग गणिती विचारतो: बरं, लाखाच्या आसपास किती लांब? कोटीच्या आसपास किती? माझ्यासमोर एक मोठी संख्या आहे. तिथून पुढे जास्तीत जास्त किती पावलं चाललो की एक तरी न खोडलेली संख्या भेटेलच, अशी हमी देता येईल?

पॉल एर्डिश आणि एन्द्रे झेमेरेदी या दोन हंगेरियन गणितज्ञांनी हा प्रश्न आणखी मोठा करून घेतला होता. चाळण्या वर्गांच्याच कशाला, कुठल्याही घ्या. अट एवढीच की कोणत्याही दोन चाळण्यांना समान भाजक नसावा आणि सगळ्यांनी मिळून फार खरवडून नेऊ नये. अशा अगणित चाळण्या एकदम लावल्या तर? याच जातीच्या प्रश्नावर मंगलाताईंनी काम केलं. त्यांचा एर्डिश आणि झेमेरेदी यांच्या प्रमेयावरचा निबंध १९८० साली 'हार्डी-रामानुजन जर्नल'मध्ये आला. हे नियतकालिक के. रामचंद्र आणि आर. बालसुब्रमण्यन या टाटा संस्थेतल्या अंकसिद्धांताच्या दोन मोठ्या माणसांनी १९७८ मध्ये सुरू केलं होतं. पुढे मूळ संख्यांच्या वाटणीशी ज्यांचं जवळचं नातं आहे अशा झीटा आणि एल् या फलांवरही त्यांनी लिहिलं. १९८६ पर्यंत त्यांचे निबंध दिसतात. त्या फलांपर्यंत मी पोचू शकत नाही, तेव्हा तुम्हालाही नेत नाही.

पण चाळणीपर्यंत मी पोचले, आणि मला एक गोष्ट फार जाणवली. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्र लागत नाही. पेन, कागद आणि सलग वेळ लागतो. पेन-कागद घरात असतोच. तिसरी वस्तू कोणत्या घरातल्या बाईजवळ असते, सांगा बघू? डाळ शिजेपर्यंत स्वेटरचे दोन फेरे होतात. डाळ शिजेपर्यंत एखाद्या सिद्धतेची अर्धी पायरी धरली आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली, तर ती पायरी पुन्हा पहिल्यापासून चढावी लागते. टाटा संस्था कुलाब्याला आणि नारळीकरांचं घरही तिथल्याच वसाहतीत, एवढी एक सोय. लोअर परळहून चर्चगेट आणि पुढे बस, असा रोजचा दीड तास त्यांचा वाचला. बाकीचा दिवस मात्र तुमच्या-माझ्या दिवसाच्याच मापाचा होता.

आमच्या सासूबाई सांगतात, गिरण्या चालू असताना या भागात बायकांचा दिवस भोंग्यावर चालायचा. घरात दोन माणसं दोन पाळ्यांना असली की स्वयंपाकही दोन पाळ्यांचा. आता भोंगे गेले, गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेच्या इमारती आल्या, सुना त्याच इमारतींत नोकरीला जातात. पण कोण किती वाजता जेवणार हे डोक्यात ठेवायचं खातं अजून बाईकडेच आहे. शिकलेल्या घरात असं नसेल, असं मला लग्नाआधी वाटायचं.

मंगलाताईंनी हे झाकून ठेवलं नाही, म्हणून मला त्या आवडतात. २००८ साली भारतीय विज्ञान अकादमीने आपल्याकडच्या स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक काढलं. त्यात त्यांनी लिहिलं आहे की आपली गोष्ट आपल्या पिढीतल्या पुष्कळ सुशिक्षित बायकांची आहे, ज्यांनी घरच्या जबाबदाऱ्या नेहमीच स्वतःच्या कामाच्या आधी धरल्या. तक्रारीचा सूर नाही, आणि त्यागाची फुशारकीही नाही. हे सांगणं सोपं नसतं. 'घर सांभाळून' हा शब्दप्रयोग आपण किती कौतुकाने वापरतो! घर सांभाळून पीएच.डी. केली, घर सांभाळून पुस्तकं लिहिली. मला विचाराल तर त्या कौतुकाने मी जरा कंटाळले आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी घर सांभाळून विश्वरचनाशास्त्र केलं, असं कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. यात त्यांना बोल नाही लावत. रीतच तशी होती, आणि आहे.

पीएच.डी.नंतर काय झालं, ते ऐका. १९८२ ते १९८५ त्या टाटा संस्थेतच होत्या, पण 'पूल ऑफिसर' म्हणून. ही दिल्लीच्या वैज्ञानिक परिषदेची योजना होती. उच्च शिक्षण आहे पण कायमची जागा नाही, अशा शास्त्रज्ञांना काही वर्षं मानधन देऊन कुठेतरी टेकू द्यायची. म्हणजे चाळिशीतल्या, डॉक्टरेट मिळवलेल्या, सुवर्णपदक घेतलेल्या बाईंची नेमणूक तात्पुरती. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्यासारखीने हे वाचलं की तिला काय वाटतं, ते मी लिहीत नाही. जूनमध्ये पत्र मिळतं आणि एप्रिलमध्ये नेमणूक संपते, हे जिला माहीत आहे तिला पुढचं सांगावं लागत नाही.

१९८९ साली बिऱ्हाड पुन्हा हललं. पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहत होती आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. पुणे विद्यापीठाच्या गणित विभागात मंगलाताईंनी १९८९ ते २००२ या काळात शिकवलं, तेही अधूनमधून, खंड पडत. २००६ ते २०१० त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना शिकवलं. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापलेली ही गणिताची संस्था. तिचं नाव भास्कराचार्यांचं, आणि मंगलाताईंच्या धाकट्या मुलीचं नाव लीलावती! थोरली गीता अमेरिकेत जीवरसायनशास्त्राची प्राध्यापक झाली, गिरिजा आणि लीलावती संगणकशास्त्राकडे गेल्या.

सोफी जर्मेन या फ्रेंच बाईची आठवण इथे येते. जन्म १७७६ चा. पॅरिसमध्ये मुलींना गणिताच्या शाळेत घेत नसत, म्हणून तिने 'मस्य ल ब्लां' असं पुरुषाचं नाव घेऊन लाग्रांझ आणि गाउस या महापंडितांशी पत्रव्यवहार केला. ११ ही मूळ संख्या. तिची दुप्पट अधिक एक म्हणजे २३, तीही मूळ. अशा ११ सारख्या संख्यांना आज सोफी जर्मेनच्या नावाने ओळखतात. तिने लग्न केलं नाही, घरचं खाऊन-पिऊन सुखी होतं, आणि आयुष्यभर गणित केलं. आपल्या मंगलाताईंना नाव लपवावं लागलं नाही. विद्यापीठाने पदक दिलं, संस्थेने दार उघडलं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत एवढी वाट मोकळी झाली, हे खरंच. दार उघडल्यावर आत बसायला वेळ कोण देणार, हा पुढचा प्रश्न होता, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

म्हणून त्यांनी गणित सोडलं का? नाही. आणि इथे मला त्यांचा खरा पीळ दिसतो. सलग वेळ मागणारं गणित हातून सुटत गेलं, तेव्हा त्यांनी तुटक वेळात करता येईल असं गणित हाती घेतलं, आणि ते दुय्यम समजून केलं नाही. 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा' ही त्यांची मराठी पुस्तकं ज्या घरात शाळेतलं मूल आहे त्या घरात असावीत. संशोधनाच्या पातळीवर गणित केलेला माणूस पहिली-दुसरीच्या मुलासाठी लिहायला बसला की फरक कळतो. मूल चुकलं तर 'कच्चं आहे' असं म्हणून तो मोकळा होत नाही. ही चूक याच जागी का झाली, हे शोधतो.

त्यातूनच ते 'वीस एक' प्रकरण निघालं. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. एकवीसच्या पुढचे आकडे वाचायच्या दोन रीती त्यात दिल्या होत्या. 'सत्तावीस' होतंच, जोडीला 'वीस सात'. 'त्रेपन्न' होतं, जोडीला 'पन्नास तीन'. मंगलाताई समितीच्या अध्यक्ष. मग काय विचारता! वर्तमानपत्रं, दूरदर्शन वाहिन्या, विधानसभा, सगळीकडे एकच चर्चा. मराठी बुडाली, असंही म्हणून झालं. आमच्या सासूबाईंची त्या वेळी पासष्टी झाली होती. त्या दिवसभर मला विचारत, "काय गं, आता मला साठ पाच वर्षांची म्हणणार का तुम्ही?"

मी हसले, पण संध्याकाळी अभ्यासाला बसणाऱ्या मुलांकडे पाहिल्यावर मला ते हसण्यावारी नेता येईना. खालच्या मजल्यावरचा एक सात वर्षांचा मुलगा 'त्रेपन्न' म्हटलं की ३५ लिहायचा. त्याची आई त्याला रोज रागवायची. पण त्याचं काय चुकत होतं? 'त्रे' कानावर आधी पडतो, तीन. म्हणून तो तीन आधी लिहितो. आपण बोलतो उजवीकडून आणि लिहितो डावीकडून. 'एकोणसाठ' म्हटलं की त्याहून वाईट. कानावर 'साठ' पडतो आणि लिहायचे असतात पाच आणि नऊ. शिवाय त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर, नव्व्याण्णव: जिभेला आणि बोटांना जोडाक्षरांचा जाच वेगळाच. कानडी आणि तेलुगू मुलाला हा त्रास नाही, तो आधी दशक म्हणतो मग एकक. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला नाही. मराठी शाळेतल्याच मुलाला आहे, आणि तोच मुलगा मग 'मला गणित येत नाही' असं ठरवून बसतो. मंगलाताईंचं म्हणणं एवढंच होतं. जुने शब्द काढून टाकलेले नाहीत. ज्या मुलाला अडखळायला होतं त्याला एक हात धरायला दिला आहे.

असं करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्याही नव्हेत. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखंच 'एक आणि वीस' म्हणत. १९५१ साली तिथल्या सरकारने शाळांतून 'वीस एक' सुरू केलं. तिथली कित्येक माणसं अजूनही जुनं बोलतात आणि कोणाचं काही अडत नाही. जर्मन लोकांनी मात्र आपली उलटी रीत ठेवली आहे.

सासूबाईंचं म्हणणंही मी पुरतं खोडणार नाही. आमच्या स्टेशनबाहेरची भाजीवाली मावशी 'पंचेचाळीस' म्हणते, 'चाळीस पाच' नाही. मुलाला सुटे पैसे घेऊन तिच्याकडे पाठवायचं तर पंचेचाळीस त्याला आलंच पाहिजे. पावकी, निमकी, दीडकी म्हणणारी आपली भाषा, हिशेबाला भलतीच तल्लख होती. ती जाऊ नये. म्हणून मी माझ्यापुरती वाट काढली. नवा आकडा आधी 'पन्नास तीन' म्हणून लिहून घ्यायचा, हात बसला की 'त्रेपन्न' हे त्याचं घरातलं नाव सांगायचं. त्या मुलाला पंधरा दिवस लागले. आता त्याची आई मला त्याच्या अक्षराबद्दल बोलते, आकड्यांबद्दल नाही.

तो वाद चालू होता तेव्हा मंगलाताई शहात्तर वर्षांच्या होत्या. वाहिन्यांवर येऊन, टिंगल ऐकून घेऊन, तेच तेच शांतपणे पुन्हा समजावत होत्या. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांनी संख्यांवर केलेलं काम ठाऊक होतं, कोण जाणे. 'त्या काय समजतात आकड्यांतलं?' असं मी ऐकलं आहे, आमच्याच इमारतीच्या जिन्यात.

आता लोणच्याकडे जायच्या आधी एवढं करा. मागच्या वर्षीचं मोठं कॅलेंडर टाकू नका. त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने चौकोन आखा, एका ओळीत दहा, आणि मुलांकडून १ ते १०० आकडे लिहून घ्या. आधी एरॅटोस्थेनिसची चाळणी, प्रत्येक पाढ्याला वेगळा रंगीत खडू. दोनाचा रंग सरळ उभ्या पट्ट्यांत उतरतो, तिनाचा तिरका. मुलांना ते स्वतः दिसू द्या, तुम्ही बोट दाखवू नका. दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर वर्गांची चाळणी: ४, ९, २५, ४९. उरलेल्या संख्या ६१ भरतात का, मोजायला सांगा. मग सलग तीन खोडलेली घरं शोधायला लावा. ४८, ४९, ५० मी वर सांगून टाकलीत. शंभरात अशी आणखी एक जागा आहे.

हे जमलं आणि मुलं अजून जागची उठली नसली, तर कागदाला कागद चिकटवून २५० पर्यंत जा. चाळण्या दोन वाढतील, १२१ आणि १६९. तेवढ्यात एके ठिकाणी लागोपाठ चार घरं रिकामी सापडतात. कुठे, ते मी सांगत नाही. माझ्याकडच्या मुलांना दोन संध्याकाळ लागल्या, आणि दुसऱ्या संध्याकाळी माझ्या घरी डाळ लागली.